कोलेस्टेरॉल : शून्य

१

बुधवारी सकाळी विदोसावा माझ्या दारात आली, ती हातातला कागद पुढे धरूनच. शहरातल्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. आमच्या गावच्या गाढविणीच्या चीजमध्ये शंभर ग्रॅममागे काय काय आणि किती आहे, हे त्यात ओळीने लिहिलं होतं. सगळ्या ओळींचा अर्थ मात्र एकच निघत होता, की त्या चीजमध्ये दुधाचा थेंबसुद्धा नाही.

"वाचा, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला आकडे कळतात."

ते खरं. यासेनोवा ग्रेदाच्या दूध केंद्रावर मी तीस वर्षं दूध मापलं, फॅट लावलं. कोण पाणी घालतो, कोण साय काढून मग आणतो, कोणाचं बायकोशी वाजलंय, हे मला त्यांच्या बरण्यांवरून कळायचं. पुढे केंद्र बंद झालं, कारण गाई गेल्या; आणि गाई गेल्या, कारण माणसं गेली. काही व्हिएन्नाला, काही टेकाडावरच्या दफनभूमीत. पूर्वी गावात चाळीस धुराडी होती, आता नऊ पेटतात. माझा मुलगा दर रविवारी स्टुटगार्टहून फोन करतो आणि हवा कशी आहे ते विचारतो. मी सांगते.

विदोसावाचं बालपण लिंझमध्ये गेलं. तिचे आईवडील तिकडे कामाला गेलेले. ह्या बुधवारच्या सहा वर्षं आधी ती एकटीच परत आली आणि सावा नदीच्या तुटलेल्या फाट्याकाठी ओस पडलेल्या कुरणावर तिने बत्तीस गाढविणी आणल्या. गावात गाढवं कमी पडली होती का, असं मी तिला तोंडावर विचारलं होतं. ती हसली आणि कामाला लागली. गाढवीण एका वेळी पेलाभर दूध देते, तेही तिचं शिंगरू समोर उभं असेल तरच. पंचवीस लिटरचं किलोभर चीज होतं. नुसतं ते दूध नीट धरत नाही, म्हणून थोडं शेळीचं मिसळावं लागतं. फॅट इतकं कमी, की माझ्या केंद्रावर कोणी असलं दूध आणलं असतं तर पाणी घातलंय म्हणून मी परत पाठवलं असतं. आता त्या कमीपणालाच भाव आला आहे. बाहेरच्या एका मोठ्या दुकानदाराला हे चीज हवं होतं, पण वेष्टनावर छापायला पोषणमूल्यं हवीत, असं त्याने कळवलं. म्हणून हा नमुना. पहिलाच.

मी चष्मा लावला. फॅट बावीस. पिठूळ पदार्थ एकोणीस. प्रथिनं शून्य पूर्णांक चार. चुना, म्हणजे कॅल्शियम, नावाला. कोलेस्टेरॉल शून्य. मीठ एक पूर्णांक आठ. खाली बारीक अक्षरांत नमुन्याचं वर्णन होतं: डब्याची मोहोर शाबूत, गोल, पांढरा गोळा, पाव किलो, सुती फडक्यात बांधलेला, फडक्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचे चार टाके.

"त्यांनी दोनदा तपासलंय," विदोसावा म्हणाली. "तळघराची किल्ली दोघांकडेच. एक माझ्याकडे, एक स्रेतेनकाकांकडे. बनवतात ते, बांधतात ते. त्यांना शनिवारी सकाळच्या बसने पुतण्याकडे जायला सांगितलंय."

स्रेतेन सत्तरीचा. गोठ्याला लागून असलेली एक खोली, एवढंच त्याचं घर. त्याआधीच्या शरदात त्याची बायको पेत्रा गेली. खोलीच्या खिडकीतून टेकाड दिसतं, टेकाडावर तिचा क्रूस दिसतो. पुतण्या दोनशे किलोमीटरवर राहतो आणि काकाला लग्नालासुद्धा बोलवायला विसरला होता.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"तेच तर. मला वाटलं, रागावतील, शपथा घेतील. कागद बघितला, टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, मीच केलं."

२

माणसाने कबुली दिली की बाकीच्यांची चौकशी संपते. माझी तिथून सुरू होते. तीस वर्षांत मी दुधात पाणी घालणारे शंभर तरी पकडले असतील. एकानेही स्वतःहून कबूल केलं नव्हतं. पकडल्यावर प्रत्येकाला गाईचा आजार आठवायचा.

दुसरी गोष्ट अशी, की भेसळ करणारा थोडी भेसळ करतो. दहा लिटरमध्ये दोन लिटर पाणी, फार लोभी असेल तर तीन. नुसत्या पाण्याची बरणी घेऊन केंद्रावर कोणी येत नाही. स्रेतेनला चोरी करायची असती तर त्याने शेळीचं दूध वाढवलं असतं. ते चवीलाही खपलं असतं. पण शेळी असो, गाय असो, गाढवीण असो, दूध म्हटलं की कोलेस्टेरॉल थोडं तरी येणारच. शून्य कधीच येत नाही. म्हणजे चीजमध्ये काही मिसळलेलंच नव्हतं. अख्खा गोळाच दुसरा होता.

विदोसावाची किल्ली घेऊन मी तळघरात गेले. दर सोमवारी जातेच, विदोसावाची दुधाची वही तपासायला. आलेलं दूध आणि झालेलं चीज पुन्हा ताडून पाहिलं. पेलाभराचाही फरक नव्हता. त्याच दिवशी बनवलेले आणखी दोन गोळे फळीवर होते. एकाचा चुरा अंगठ्याखाली चोळला. बोट कोरडं राहिलं. गाढविणीच्या चीजची खूण हीच, बोटाला ओशट लागत नाही. चाखून पाहिलं असतं तर शंका उरली नसती, पण ईस्टरआधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास चालू होता. दूध, अंडं, मांस सगळं बंद. ग्रेदात आता देवाची भीती कमी झाली आहे, पण शेजाऱ्यांची अजून आहे. स्रेतेनचं तर विचारूच नका. उपासात तो चीज बनवायचा, पण जिभेला लावत नसे. मीठ काट्यावर तोलायचा आणि दूध धरलंय की नाही ते बोटांनी ओळखायचा.

म्हणजे तो घाणा चांगला होता. फक्त प्रयोगशाळेत गेलेला गोळा खोटा होता, आणि त्यासारखा खरा पाव किलो कुठेतरी नाहीसा झाला होता. मोहोर शाबूत, तेव्हा बदल झाला तो डबा बंद होण्याआधी. डबा विदोसावाने शुक्रवारी दुपारी स्वतः बंद केला होता. ती म्हणाली, खालच्या फळीवर फडक्यात बांधलेला गोळा होता, तो उचलला, डब्यात ठेवला, लाख लावली. फडकं सोडून पाहिलं का? नाही. वास घेतला? तळघरात सगळ्यालाच चीजचा वास, मावशी.

स्रेतेन गोठ्यात होता. एका गाढविणीचं खूर मांडीवर घेऊन कोरत होता. मी म्हटलं, तू केलंस तर कशाने केलंस ते तरी सांग, पीठ कुठून आणलंस, तेल कोणतं वापरलंस. तो मान वर न करता म्हणाला, "येव्रा, तुझं केंद्र बंद झालंय. घरी जा."

तळघरातून निघताना मी चीजची वहीही चाळली होती. त्यात स्रेतेन प्रत्येक गोळ्यापुढे फडक्याचा नंबर लिहायचा. तो रकाना कोणी वाचत नसे. नमुन्यापुढे त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: फडकं सात.

प्रयोगशाळेत मात्र चार टाक्यांचं फडकं पोचलं होतं.

३

गाव्रा आम्हाला शेळीचं दूध द्यायचा आणि गावातली शेवटची चालू गाडी त्याची होती. तो डबाही शहरात त्यानेच नेला होता. तो माझ्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणायचा आणि त्या नात्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

"वहिनी, माझ्या शेळ्यांच्या दुधात कोलेस्टेरॉल शून्य असतं," तो म्हणाला, "तर मी त्यांतल्या एकीशी लग्न लावलं असतं."

मी म्हटलं, शेळीने होकार द्यायला हवा होता. मग तो जरा सरळ झाला. डबा घेतला, पुढच्या सीटवर ठेवला, नेऊन दिला. लाखेला हात लावला नाही. लावला असता तर कागदावर शाबूत लिहिलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण दूध आणायला तो रोज तळघराच्या दारापर्यंत जायचा. म्हणून बसू दिलं, बोलू दिलं. गाव्राला बोलू दिलं की तो स्वतःच्या नकळत बरंच काही सांगून जायचा.

डबा पोचवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पेत्राच्या मृत्यूला सहा महिने झाले म्हणून टेकाडावर स्मरणविधी होता. मी तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात होते, जाता आलं नाही. ते मला अजून बोचतं. गाव्राच पाद्रीबुवांना शेजारच्या गावातून घेऊन आला होता. त्याने सांगितलं, की फक्त तीन माणसं होती. स्रेतेन, तो आणि पाद्री. विदोसावाकडे कामाला असलेली इकोनिया गाढविणींच्या धारा काढत होती, तिला सुटी नव्हती. वारा असा, की मेणबत्ती चार वेळा पेटवावी लागली. क्रूसाजवळच्या बाकावर स्रेतेनने शिजवलेले गोड गहू मांडले होते, पाव, घेवडा, ऑलिव्ह आणि उपासाचं चीज. सगळं उपासाला चालणारं, नाहीतर पाद्रीबुवांनी हात लावला नसता.

"आणि लावला?"

"एकदा?" गाव्रा म्हणाला. "तीनदा. वहिनी, उपासाचं चीज म्हणजे काय ते तुला माहीत आहे. ताडाचं तेल आणि पीठ. मेणबत्ती चावल्यासारखं लागतं. आयुष्यभर मी ते देवाच्या भीतीपोटी गिळलंय. पण त्या दिवशीचं वेगळंच होतं. जरा गोडसर, तोंडात विरघळणारं. म्हटलं, स्रेतेन, कुठल्या दुकानातलं रे? तर उत्तर नाही."

"ऐकू गेलं नसेल. वारा होता."

"गेलं. त्याने एक घास खाल्ला आणि तसाच थांबला. क्रूसाकडे बघत राहिला. मला वाटलं, रडतोय. मी दुसरीकडे तोंड केलं. मग त्याने उरलेलं फडक्यात गुंडाळलं, वर काचेची बरणी पालथी घातली आणि म्हणाला, बाकीचं तिचं."

गाव्राने सिगारेट विझवली. "चांगला माणूस होता," तो म्हणाला. शनिवारी जाणाऱ्या माणसाबद्दल तो आत्ताच भूतकाळात बोलत होता.

४

इकोनिया दिवसातून तीन वेळा धारा काढते आणि फडकी धुते. पन्नाशीची आहे. तिच्या जिभेला गाढविणीसुद्धा घाबरतात, असं गाव्रा म्हणायचा. कागदाची बातमी कळल्यापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती. मी गेले तेव्हा ती खिडकीत रोपांना पाणी घालत होती. डबे, दुधाची खोकी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जे मिळेल त्यात मिरचीची रोपं लावलेली.

"आता माझी पाळी का, येव्राताई?" ती म्हणाली. "मी रोज बत्तीस गाढविणींची धार काढते. मला चीज चोरायचं असतं तर सहा वर्षं थांबले नसते."

मी म्हटलं, तुझ्यावर संशय नाही, मला फक्त फडकी मोजायची आहेत. ती जरा निवली. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने टाके तिनेच घातलेले आहेत, एक ते बारा. तिने दोरीवरची आणि टोपलीतली फडकी एकेक करून माझ्या मांडीवर टाकली. दहा भरली. चार नव्हतं आणि सात नव्हतं.

"चार प्रयोगशाळेत गेलं," मी म्हटलं. "सात कुठंय?"

"ते त्या बुढ्याला विचारा. वहीत लिहितो ना मोठा." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "त्याला उगाच बोलते. काल त्याच्या खोलीत गेले तर बॅग भरून दाराशी ठेवली होती. तीन दिवस आधी. एक शर्ट, पेत्राचा फोटो आणि चीजचा साचा. साचा कशाला म्हटलं, तर म्हणतो, हात रिकामे राहतात."

मी तिला त्या शुक्रवारबद्दल विचारलं. ती सकाळी शहरात गेली होती. येताना स्रेतेनने सांगितलं होतं म्हणून उपासाचं चीज आणलं, स्मरणविधीसाठी. दुपारी त्याला दिलं. आणि इथे ती हसली, त्या दिवसांत पहिल्यांदाच.

"काय केलं असेल त्याने? दुकानाची पिशवी फाडली, तो चौकोनी ठोकळा बाहेर काढला आणि साच्यात दाबून गोल केला. कडा कापून पाव किलोचा केला. मी म्हटलं, काका, हे चीज नाही, ह्याला कशाला साचा? तर म्हणतो, पेत्राच्या पुढ्यात मी प्लॅस्टिकमधलं चौकोनी काही ठेवणार नाही. मग आपल्या फडक्यात बांधलं, आपली गाठ मारली आणि तळघरात ठेवलं. त्याच्या खोलीत फ्रिज कुठंय?"

"कुठल्या फळीवर?"

"खालच्या. तिथेच त्याचा पाव असतो, कांदे असतात."

नमुनाही खालच्याच फळीवर होता.

"ती पिशवी टाकून दिली असशील," मी म्हटलं.

"मी काही टाकत नाही," इकोनिया म्हणाली आणि खिडकीकडे बोट केलं. तिसरं मिरचीचं रोप त्या पिशवीत होतं. मी चष्मा पुसला, पिशवीवरची माती पुसली आणि मागचा छापील तक्ता वाचला. शंभर ग्रॅममागे: फॅट बावीस. पिठूळ पदार्थ एकोणीस. प्रथिनं शून्य पूर्णांक चार. कोलेस्टेरॉल शून्य. मीठ एक पूर्णांक आठ.

प्रयोगशाळेचा कागद माझ्या खिशात होता. काढून शेजारी धरायची गरज नव्हती, तरी मी धरला. ओळीला ओळ जुळली.

५

टेकाडावर मी एकटीच चढले. गुरुवार दुपार होती. फाट्याचं पाणी राखाडी झालं होतं आणि खालच्या कुरणातून एखादी गाढवीण मधूनच ओरडत होती. गाढवाचं ओरडणं लोकांना विनोदी वाटतं. रिकाम्या गावात ते ऐकावं, मग कळतं.

चढताना हिशेब जुळत गेला. एका फळीवर दोन गोळे. एकाच हाताने साच्यात दाबलेले, एकाच हाताने बांधलेले, गाठ एकच. विदोसावा आली, तिने समोरचा उचलला. उपासाच्या चीजला कोणी साच्यात दाबून फडक्यात बांधेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आम्हा कोणाच्याच आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्रेतेन आला. फळीवर एकच गोळा उरलेला. विदोसावा तिचा घेऊन गेली, हा माझा, असं कोणीही धरून चाललं असतं. चूक दोघांची, चोरी कोणाचीच नाही.

पेत्राच्या क्रूसापाशी बरणी होती, वर दगड ठेवलेला. खाली फडकं. मी गुडघ्यांवर बसले, माझ्या वयाला ते सोपं नाही. कोपरा उलगडला आणि निळे टाके मोजले. सात.

आत अर्धा गोळा होता, कडेने वाळून पिवळट झालेला. थोडा अंगठ्याखाली चोळला. बोट कोरडं राहिलं.

एवढं सगळं माझ्या हातात होतं, आणि स्रेतेनला वाचवायला तेवढं पुरेसं होतं. पण एक आकडा अजून जुळत नव्हता. ज्याने आयुष्यभर चीज बनवलं, त्याला पहिल्या घासाला कळलं असणार. मग तो गप्प का बसला? आणि कागद आल्यावर, एका वाक्यात सुटता आलं असतं तिथे, चोरी अंगावर का घेतली?

मी सगळं होतं तसं झाकून ठेवलं आणि थेट त्याच्या खोलीवर गेले.

६

बॅग खरोखर दाराशी होती. टेबलावर एकच पेला, एकच चमचा. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसला. खोलीत खुर्ची एकच होती.

मी म्हटलं, "फडकं सात."

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, "तू टेकाडावर गेलीस."

"गेले. पहिल्याच घासाला कळलं ना तुला?"

"जिभेला लागायच्या आधी. बोटांनाच कळलं. पण तोवर पाद्रीबुवांनी दुसऱ्यांदा हात घातला होता."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगायचं? थुंका म्हणून? पेत्रासमोर?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "येव्रा, सहा वर्षं ती गोठा साफ करत होती. रोज रात्री विचारायची, आज कसं झालं? मी म्हणायचो, चीजसारखं. एक कण तिने कधी खाल्ला नाही. सगळं मोजलेलं. मीही जिभेला लावायचो आणि थुंकायचो. त्या दिवशी मी पहिल्यांदा गिळलं. म्हटलं, पाप तर झालंच. मग अर्धं तिला का नको?"

शेजारी गोठ्यात शिंगरांना आयांकडे सोडत होते, त्यांची धावाधाव ऐकू येत होती. मी म्हटलं, ह्यात चोरी कुठे आहे, विदोसावाला सांग, ती मुलगी दगडाची नाही.

"तिला सांगितलं की इकोनियाला कळेल. इकोनियाला कळलं की गाव्राला. पेत्राच्या स्मरणाला पाद्रीने उपास मोडला, तीनदा मागून खाल्लं. नऊ घरं उरलीत, पण ह्या गोष्टीला नऊ घरं पुरतात. मला चोर म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. हसायला मिळालं तर चाळीस वर्षं पुरवतील. पेत्राचं नाव निघालं की हेच निघेल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि पहिल्यांदा सांगशील ती तू."

त्याचं खरं होतं. टेकाडावरून उतरताना, त्याची काळजी वाटत असतानाही, माझ्या डोक्यात तो किस्सा जुळून तयार झाला होता. पाद्रीबुवांचा तिसरा हात कसा सांगायचा, कुठे थांबायचं, सगळं. गाव्राचा चेहरा कसा होईल तेही मी पाहून घेतलं होतं.

"शनिवारी बसमध्ये बसलास," मी म्हटलं, "तर त्या टेकाडावर बरणी कोण उचलेल?"

तो खिडकीकडे बघत होता. त्याचे हात मांडीवर होते, बोटं साच्यात दूध दाबल्यासारखी हलत होती. मला एकदम इकोनियाचं बोलणं आठवलं.

"मला एक दिवस दे," मी म्हटलं. "आणि बॅग उघड."

उठताना मी दारात थांबले. मला राहवेना.

"कसं लागलं?" मी विचारलं.

त्याने खूप विचार केला. सहा वर्षांचं उत्तर होतं ते.

"मीठ कमी होतं," तो म्हणाला. "तिला खारट आवडायचं."

७

शुक्रवारी मी विदोसावाच्या टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. मिरचीच्या रोपासकट दुकानाची पिशवी, प्रयोगशाळेचा कागद आणि चीजची वही, सात नंबरच्या ओळीवर उघडलेली. तक्त्याला तक्ता दाखवला. चार टाके दाखवले, सात दाखवलं. दोन गोळे, एक फळी, एक गाठ. आणि उचलणारा हात कोणाचा, ते तिचं तिलाच बोलू दिलं.

ती हुशार आहे. तिने दोनदा वाचलं आणि चेहरा ओंजळीत घेतला. "मी त्यांना घराबाहेर काढत होते," ती म्हणाली. "आणि ते मीच केलं म्हणाले. का म्हणाले, मावशी?"

"तुझ्याकडे बोट दाखवायचं नव्हतं त्याला." हे अगदीच खोटं नव्हतं.

"मग खरा गोळा कुठे गेला?"

तीस वर्षं मी मापाला माप लिहिलं. कोणाच्या भिडेखातर नाही, कोणाच्या रागापोटी नाही, सख्ख्या भावाच्या बरणीलासुद्धा अर्धा टक्का सोडला नाही. त्याने चार वर्षं अबोला धरला होता.

"उंदीर," मी म्हटलं. "फडक्यासकट."

आणि पेन घेऊन वहीत तसं लिहिलं. एक गोळा, फडकं सात, उंदीर. माझ्या हाताची तेवढी एकच खोटी नोंद. रात्री जुनं मलमल कापून मी नवं फडकं शिवलं आणि कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचे सात टाके घातले. इकोनियाने मोजताना ते दोनदा उलटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

शनिवारची बस ग्रेदात थांबली आणि कोणालाही न घेता गेली. विदोसावा स्रेतेनच्या खोलीवर जाऊन आली. काय बोलली ते मला माहीत नाही. येताना डोळे लाल होते आणि जाताना ती त्याच्यासाठी दुसरी खुर्ची घेऊन गेली होती, एवढं मी माझ्या फाटकातून पाहिलं. त्याच दिवशी त्याने नवा घाणा लावला. सोमवारी नवा नमुना गेला. ह्या वेळी विदोसावाने फडकं सोडून वास घेतला.

ईस्टर झाल्यावर दुसरा कागद आला. ती पुन्हा माझ्या दारात. फॅट कमी, प्रथिनं भरपूर, चुना चांगला, कोलेस्टेरॉल थोडं, जेवढं असायला हवं तेवढं. दुकानदार खूश होता.

"सगळं जमतंय, मावशी," ती म्हणाली. "फक्त मीठ. कृतीत किलोला बारा ग्रॅम लिहिलंय. इथे पंधरा निघालं. काकांचा हात तर कधी चुकत नाही. पुन्हा करायला सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "कागदावर आहे तेच छाप."

तिने छापलं, आणि कृतीच्या कार्डावर बारा खोडून पंधरा केलं.

स्रेतेन गेला त्याला आता दोन शरद झाले. तो पेत्राशेजारीच आहे. गाव्राही गेला, पाद्रीबुवांची बदली झाली, आणि ह्या गोष्टीवर हसेल असं ग्रेदात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. म्हणून आता लिहिलं. उपास संपला की मी बरणी घेऊन टेकाडावर जाते. विदोसावा चीजचा एक तुकडा देते आणि कशाला ते विचारत नाही. वेष्टनावरचा तक्ता मी चष्मा लावून दर वेळी वाचते, सवयच आहे. शंभर ग्रॅममागे मीठ दीड ग्रॅम. त्यातलं शून्य पूर्णांक तीन पेत्राचं.